पिशवीत उरलेला उदय

कोल्हापूर,
९ फेब्रुवारी २०२६

ती. आक्का,

सोहेलचा नमस्कार, आणि अम्मीचा सलाम.

पत्र बघून दचकू नका. इकडं सगळे ठीक आहेत. अम्मीचे गुडघे थंडीनं धरलेत, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजी नाही. दुकानात बॅगांच्या चेन बदलून बदलून माझी बोटं सोलली आहेत. मोबाईल असताना हे पत्र कशाला लिहितो, असं तुम्ही म्हणणार. पण फोनवर काही सांगायला गेलो की तुम्ही ‘जेवलास का’ विचारता आणि माझं गाडं तिथंच अडतं. तीनदा बावड्याला घरी येऊन गेलो. तिन्ही वेळा पोहे खाऊन परत आलो.

गेल्या सोमवारी तुमचा फोन आला. उदयच्या वर्षश्राद्धाला मी पुढं बसायचं, सगळ्या भावकीसमोर मला फेटा बांधायचा, असं तुम्ही ठरवलंय. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं तू केलंस, असंही म्हणालात. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि दिवसभर मशीनवर एक सरळ टाका पडला नाही. आक्का, तो फेटा मला बांधू नका. का ते या पत्रात लिहितो. एका दमात लिहिणं जमणार नाही, सांभाळून घ्या.

तुम्ही चढायांचं विचारत होता, ते आधी सांगतो. उदयची निळी सॅक फाटली होती, ती तो टाकू देत नव्हता. तिच्या झाकणाच्या कापडातून मी तळहाताएवढी पिशवी शिवली. तोंड दोनदा दुमडून वर पट्टी मारली, म्हणजे वाऱ्यानं काही सांडायला नको. ती मी कमरेच्या हार्नेसला डाव्या बाजूला बांधतो. उदय दोरावर असताना मला डावीकडूनच हाका मारायचा, म्हणून. गेल्या एप्रिल-मेमध्ये दोन सुळके झाले, पावसानंतर तीन. वर पोहोचलो की त्याची चिमूटभर राख खडकाच्या फटीत ठेवायची, वर एक दगड दाबायचा आणि गप्प बसून भडंग खायचं. घोषणा नाही, भाषण नाही. ‘वर आलोय ते उतरायला, सभा घ्यायला न्हाय,’ असं तो दर वेळी म्हणायचा. पहिल्या वेळी आम्हाला अंदाज नव्हता. वारा आला आणि राख बरोबर चढलेल्या ज्ञानूच्या दाढीत गेली. ज्ञानूनं खाली गाडीपर्यंत तोंड पुसलं नाही. हे पेपरात आलं नाही. पेपरात फक्त माझा फोटो आला आणि तो तुम्ही कापून देव्हाऱ्याशेजारी लावलात.

सहावी चढाई अठरा जानेवारीला केली. आंबा घाटाखालचा तोच सुळका. तुम्हाला मुद्दाम कळवलं नव्हतं. गेल्या मार्चमध्ये ज्या कपारीखाली आग्या मोहोळ उठलं, तिथून मी आणि ज्ञानू चढलो. मोहोळ आता नाही, खडकावर नुसता काळा डाग आहे. त्या दिवशी मी खालून दोर सोडत होतो आणि माश्यांनी घेरलेला उदय खाली येत होता, तुम्हाला हे माहीत आहे. हात सोलले तरी दोर थांबवला नाही, पण तो वाचला नाही, तुम्हाला हेही माहीत आहे. त्याबद्दल तुम्ही मला कधी एक शब्द बोलला नाहीत. पण माझी खरी चूक त्या सुळक्यावरची नाहीच.

वर पोहोचून पिशवी उघडली. राख संपली होती. ज्ञानू म्हणाला, ‘झाडून ठेव की. संपलं आता.’ मी पिशवी परत दुमडली. तिच्यात राखेशिवाय आणखी एक वस्तू आहे. ज्ञानूला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही.

आक्का, पिशवीत त्याचं हाड आहे.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी आणि ज्ञानू तुमच्या सगळ्यांच्या आधी स्मशानात गेलो होतो. रक्षेवर पाणी मारून ठेवावं, म्हणजे सावडायला येणाऱ्यांचे हात भाजायला नकोत, एवढ्यासाठीच गेलो होतो. ज्ञानू घागर घेऊन नदीत उतरला. शेणींची राख आतून अजून ऊन होती. मी हात घातला, एक मूठ उचलली आणि रुमालात घेतली. मुठीत हाड आलं होतं, बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं. ते मला हाताला कळलं होतं. परत ठेवता आलं असतं. मी रुमालाला गाठ मारली आणि खिशात घातला.

तुम्हाला मी वेगळं सांगितलं. वाडीला संगमावर विसर्जन झाल्यावर भांड्याच्या तळाला राहिलेली राख आणली, असं म्हणालो. ज्ञानूलाही हेच सांगितलं. त्याला बोल लावू नका.

का घेतलं, तेही सांगतो. रांगणा गडाच्या वाटेवर एक ओढा लागतो. गुडघाभर पाणी, पण उदय ज्ञानूच्या गळ्यात हात टाकून पलीकडं जायचा. तीनशे फूट कड्यावर हसणारा माणूस. एकदा काठावर बसून बूट पिळता पिळता म्हणाला, ‘मी मेलो तर मला नदीत सोडू नका रं. मला पवाय येत न्हाय. वर ठेवा कुठंतरी.’ आम्ही खूप हसलो. त्या पहाटे मला ते आठवलं. तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणाला नसता असं आज वाटतं. तेव्हा वाटलं, रडत्या घरात चेष्टेतलं बोलणं कसं काढायचं. शिवाय माझं नाव सोहेल, मी अस्थींना हात लावला म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हे कारण मी स्वतःला कितीतरी महिने सांगत होतो. तेही खोटं. वीस वर्षं तुमच्या चुलीपुढं बसून जेवलोय, ईदला तुम्ही आमच्याकडं येऊन शिरखुर्म्यात साखर कमी म्हणून अम्मीला बोलता. कुणी काही म्हटलं नसतं. मला तो सोडवत नव्हता, एवढंच खरं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे पत्र आहे.

त्या सकाळी निवद ठेवला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चहाचा कप, भडंगाचा पुडा. समोर बाभळीवर पाच-सहा कावळे होते. एकही खाली येईना. उन्हं वर आली. उदयच्या चुलतभावानं पोरीचं शिक्षण करतो म्हणून शब्द दिला. मामांनी घराचं अर्धं राहिलेलं काम पुरं करतो म्हणून सांगितलं. तुमचं हात जोडून, रडून झालं. दीड तास झाला आणि मग धोंडुबाई आत्या म्हणाल्या, ‘बायकोला फुडं करा. तिचंच कायतरी ऱ्हायलं आसंल.’

तेजस्वीवहिनींना दोघींनी दंडाला धरून पुढं आणलं. त्या निवदासमोर उभ्या राहिल्या. आणि ज्या गोष्टीची घरात कुणाला खबर नव्हती ती त्यांनी शंभर माणसांत सांगितली. ‘निघताना भांडण झालतं. जातोस तर परत येऊ नकोस, म्हटलं मी. माझं चुकलं. आता घे की.’

कावळा तरीही आला नाही. शेवटी निवद गाईला घातला. परत येताना तुम्ही सुनेच्या शेजारून उठून पुढच्या गाडीत जाऊन बसलात. ते मी पाहिलं.

या सगळ्या वेळात मी तुमच्यापासून चार पावलांवर उभा होतो. माझा हात खिशात होता. त्या बाईचं बोलणं मी ऐकत होतो आणि माझ्या मुठीत तिच्या नवऱ्याचं हाड होतं. दोन पावलं पुढं जाऊन ते अस्थींच्या भांड्यात टाकायचं होतं. मी टाकलं नाही. मी भित्रा आहे, आक्का. दोरावर असतो तेव्हा दिसत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं. भावकीत बायका तिच्याकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत ती लेकीला, पूर्णिमाला घेऊन इचलकरंजीला माहेरी गेली. तुम्ही अडवलं नाहीत. आणि मी तोपर्यंत दोन सुळक्यांवर जाऊन मोठा मित्र झालो होतो.

गेल्या महिन्यात अम्मीला कपाट आवरताना पिशवी सापडली. काय आहे विचारलं, मी खरं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती पलंगावर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि तिची दुमडलेली पट्टी बोटांनी सरळ केली. मग म्हणाली, ‘आपल्यात मयताला माती द्यायला दिवस मावळू देत न्हाईत. तू त्याला वरीसभर कपड्यांत घालून ठिवलास. त्याच्या आईचं हाय ते. तिचं तिला दे.’ त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. जेवायला वाढते, पण समोर बसत नाही.

मला एकदम तुमच्याकडं यायचं धाडस झालं नाही. आधी इचलकरंजीला गेलो. वहिनी एका यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचं काम करतात. सुट्टी होईपर्यंत गेटवर थांबलो. मागांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून घरापर्यंत चालत गेलो आणि चालता चालता सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दारात पोहोचल्यावर म्हणाल्या, ‘मला गल्लीत गाठून सांगताय व्हय? मी शंभर माणसांत बोलले. तुमी बी शंभर माणसांत बोला.’ आणि आत जाऊन चहा ठेवला.

पूर्णिमा उंच झाली आहे. दात पडलेत, हसताना हात लावते. रोज शाळेला जायच्या आधी ती पत्र्यावर भाकरीचा तुकडा ठेवते, आजीला सांगा म्हणाली. मग मला हळूच विचारलं, ‘काका, हितले कावळे खातात. तिथला आईवर का रागावलाता?’

मी नववीत विज्ञानात नापास झालेला माणूस, पण हे एवढं मला कळतं. कावळा हा नुसता पक्षी असेल, माणसांची गर्दी बघून बुजला असेल, तर कुणाचाच दोष नाही. आणि कावळ्याला खरंच काही कळत असेल, उदयचं काही अडलं म्हणून तो आला नसेल, तर उदय अर्धा माझ्या खिशात होता. त्यानं यावं तरी कसं? तुम्ही कावळ्याला माना किंवा न माना, तेजस्वीवहिनी दोन्हीकडून सुटतात. रागाच्या भरात बोललेलं एक वाक्य, ते कुठल्या घरात बोलत नाहीत? उदयनं ते मनात धरलंही नव्हतं. त्या सकाळी चढायच्या आधी मला म्हणाला होता, ‘घरात जरा तापलंय, जाताना मलकापुरातनं पेढे नेऊया.’ हेसुद्धा मी तिला अकरा महिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं भांडणाचं विचारलं असतं, कावळ्याचं विचारलं असतं, सगळं उकरलं गेलं असतं. म्हणून तेही दाबलं. परवा निघताना तिच्या दारात सांगितलं, तेव्हा मात्र ती रडली.

आक्का, श्राद्धाच्या दिवशी मी सकाळी सातला नदीवर येईन. तुम्ही मला दारात उभं करणार नसाल तरी नदीवर येईन. जिथं तिला उभं केलं होतं तिथं उभा राहून, भावकीसमोर, हे सगळं तोंडानं सांगेन. मग पिशवी तुमच्या हातात देईन. नदीत सोडायचं, उसाच्या बांधाला पुरून वर आंबा लावायचा की आणखी काही, ते तुम्ही आणि वहिनींनी ठरवायचं. वर नेऊन ठेव म्हणालात तर मी नेईन. पण या वेळी विचारून नेईन.

माझं एकच मागणं आहे. त्याआधी इचलकरंजीला एक फोन करा. मी बोलावून त्या येणार नाहीत, चुलतभाऊ गाडी घेऊन गेला तरी येणार नाहीत. तुम्ही स्वतः ‘ये’ म्हणालात तर येतील. फोन बहुतेक पूर्णिमा उचलेल. ती कावळ्याचं विचारेल. मला तिला उत्तर देता आलं नाही, कारण ते माझ्या तोंडचं तिला पुरणार नाही. तुमच्या तोंडचं पुरेल.

तब्येतीला जपा. बीपीची गोळी चुकवू नका. हे वाचून चुकवाल म्हणून लिहितोय.

पत्राच्या शेवटी ‘आपला’ लिहितात. ते आज मी लिहीत नाही. त्या दिवशी तुम्हाला वाटलं तर तुम्हीच म्हणा.

सोहेल