लोपे आर्रियागाने मागे ठेवलेली माणसं

३ फेब्रुवारी १५२३
सानलूकारचं बंदर सोडलं! मी इसिद्रो, जहाजावरचा न्हावी आणि वैद्यही मीच. पहिलीच सफर, त्यामुळे आनंद पोटात मावत नाही. जेवायला लसणातलं डुकराचं मांस, ऑलिव्ह आणि लाल दारू. सुकाणूवर असलेला ओचोआ मला म्हणाला, "न्हाव्या, आमचे दात आत्ताच बघून घे. परतताना दिसायचे नाहीत!" सगळे खदाखदा हसले. पश्चिमेचे किनारे धुंडाळून आलेल्या कप्तान लोपे आर्रियागांच्या हाताखाली काम मिळालं, हे माझं नशीबच. ते मात्र हसले नाहीत.

२० मार्च
कप्तानांना ताप आहे. उशाशी बसलो होतो, तेव्हा आपणहून बोलले. मागच्या सफरीत जहाज सोन्याने भरलं आणि माणसांना जागा उरली नाही. धाकटा भाऊ मार्तिन आणि काही खलाशी यांना एका नदीच्या मुखाशी गढी बांधून ठेवलं, ईस्टरला न्यायला येतो असं सांगितलं. पुढे दरबारात मान मिळाला, जमीन मिळाली, लग्न झालं. वर्षं गेली. आता तिकडेच निघालोत. ती माणसं सुखरूप असोत, असं मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, कोणी उरलेलं नसो, अशी मी रोज प्रार्थना करतो.

११ एप्रिल
गढी उभी आहे! धूर निघतोय, किनाऱ्यावर माणसं हात हलवतायत. आमचे लोक गुडघे टेकून रडले. मार्तिन ओरडला, "दादा, ये की! ताट वाढून ठेवलंय!" कप्तान पांढरेफटक पडले. ओचोआला निम्मी माणसं देऊन होडीने धाडलं, स्वतः उतरले नाहीत.

१२ एप्रिल
तब्येती पाहायला मीही गेलो. इतक्या वर्षांत एकाचीही दाढी पिकलेली नाही. रणरणत्या उन्हात कपडे निथळत होते. मार्तिनची नाडी लागेना. शीर उघडली, तर रक्त नाही, पाणी आलं. जिभेला लावलं. खारट. तो हसून म्हणाला, "घाबरू नका, वैद्यबुवा. आम्हाला आता काही दुखत नाही." हंड्यात वाळू रटरटत होती. ओचोआ ती मिटक्या मारत खात होता. मी पळत होडी गाठली आणि जहाजावर परतलो.

१३ एप्रिल
कप्तानांनी नांगर उचलायला सांगितलं. ओचोआ आणि बाकीच्यांना इथेच टाकून? मी विचारलं. ते मग एकटेच लहान होडीत उतरले. म्हणाले, मी गेलो तर ते तुमच्या माणसांना सोडतील. दुपारपर्यंत नाही आलो तर निघा.
दुपार टळली. कोणी आलं नाही. निघालो — देवा, क्षमा कर —

१४ एप्रिल
किनारा कधीच दिसेनासा झाला. भर दिवस, वारा पडलेला. आसपास होडी नाही — तरी दोरशिडी ताणली गेलीय —
कप्तानांचा आवाज. "इसिद्रो, हात दे. सगळ्यांना घेऊन आलोय."
वाकून पाहिलं. त्यांच्यामागे मार्तिन, ओचोआ — एकाखाली एक, थेट पाण्याच्या तळापर्यंत — या खेपेला कोणालाच मागे ठेवलं नाही — कठड्यावर ओली बोटं —