हितं हात थांबला

बाई, तुमचं एक वाक्य मी अर्धंच वापरलं आणि त्यापायी एका बाईचं लिहिणं कायमचं बंद पडायची वेळ आली. तुम्ही असता तर "अर्धवट शहाणी" म्हणून मोकळ्या झाला असता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वेळी नसलेल्या गोष्टी आधी सांगाव्या लागतील. सांगलीत एका कॉलेजच्या दारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर वाचत बसते. तिथं मराठी लिहिणाऱ्यांचा एक समूह आहे. कुणीही आपली कथा टाकायची, बाकीच्यांनी वाचायची आणि खाली अभिप्राय लिहायचा. मी कथा टाकत नाही, वाचते आणि अभिप्राय लिहिते. गेली काही वर्षं हाच माझा धंद्याबाहेरचा धंदा आहे आणि त्याचं भांडवल तुमच्या स्वयंपाकघरातून आणलेलं आहे.

खंडाळ्याला, म्हणजे लोणावळ्याच्या नव्हे, आपल्या साताऱ्याच्या खंडाळ्याला, एसटी स्टँडच्या मागं तुमच्या दोन खोल्या होत्या. रविवारी आम्ही तीन-चार मुली निबंधाच्या वह्या घेऊन यायचो. तुम्ही मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या असता. वर न बघताच म्हणता, "हं, वाच." शाळेत तुमची भाषा पुस्तकी, अगदी कडक इस्त्रीची, पण घरात पाऊल टाकलं की तुम्ही आमच्यासारखंच बोलायचा, आणि त्याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं. मी वाचते आहे. माझी आई म्हणजे मायेचा सागर, माझी आई म्हणजे वात्सल्याचा झरा. गाइडातलंच सगळं. तुमची बोटं तांदळातून फिरताहेत, खडा सापडला की कडेला सरकवताहेत. मला वाटतं, ही बाई ऐकतच नाही. मग एक वाक्य येतं, जे गाइडात नव्हतं आणि कसं लिहून गेले मलाही ठाऊक नव्हतं: आई भाकरी थापताना बोलत नाही, तव्यावर टाकली की बोलते. तुमचा हात ताटातच राहतो. मान वर होते. "हितं माझा हात थांबला बघ," तुम्ही म्हणता. बस्स, एवढंच. पुन्हा हात चालू. घरी जाताना मी ते एक वाक्य वाटभर पुटपुटत गेले, आणि पुढच्या निबंधात सागर आणि झरा दोघांनाही रजा दिली.

तुम्ही मला रागावलात तो दिवसही आठवतो. मैत्रिणीनं निबंध वाचला आणि तुम्ही मला विचारलंत, कसा वाटला. मी म्हटलं, "छान हाय." तुम्ही ताट खाली ठेवलंत. "छान तर चहाबी असतो. तिनं काय चहा केलाय व्हय? कुठं छान ते सांग, न्हाईतर गप बस." माझे कान लाल झाले. मग मी शहाणपणा करायला तिच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांगायला लागले, तर त्यालाही हात आडवा. "चुका आज ना उद्या तिच्या तिला सापडतील. लिहिण्यात जितं, जिवंत काय हाय ते तिला दिसत न्हाई. आपली पाठ आपल्याला दिसत न्हाई गं, दुसऱ्यानं बघून सांगावी लागती." एवढं बोलून तुम्ही आम्हाला शेंगदाण्याचा लाडू दिलात आणि विषय संपला. बाई, आज मोठमोठी माणसं यावर तास-तासभर बोलतात. तुम्ही ते एका लाडवाच्या वेळात सांगितलंत.

या समूहात आल्यावर मला तुमचं मोठेपण खरं कळलं. इथं दोन जातींचे लोक भेटतात. एक 'अप्रतिम'वाले. कथा टाकून पुरती उघडतही नाही तोवर खाली अप्रतिम, निःशब्द, आणि फुलांची ओंजळ. निःशब्द झालेला माणूस एवढ्या वेळा निःशब्द लिहितो कसा, हे मला न सुटलेलं कोडं आहे. दुसरे चूक काढणारे, ज्यांना अनुस्वार दिसतो पण कथेत माणूस मेलेला दिसत नाही. या दोघांच्या मधली जागा रिकामी होती, तिथं मी तुमचं बोट धरून जाऊन बसले. कथेतलं एक जितं वाक्य उचलायचं, जसंच्या तसं खाली लिहायचं आणि पुढं तुमचे शब्द: इथे माझा हात थांबला. माणसं पुन्हा लिहायला लागतात, बाई. एका रिटायर्ड गुरुजींनी तर मला लिहिलं, की त्या एका ओळीसाठी मी पुढची कथा लिहिली.

मग गेल्या उन्हाळ्यात ती कथा आली. लिहिणारीच्या नावाखाली फक्त 'कुपवाड' एवढंच लिहिलेलं. कथेतली बायको सांगते: नवरा फौजेतून कायमचा घरी आला. आयुष्यभर सुट्टीपुरता यायचा, आता राहायलाच आला. पहिल्या दुपारी त्यानं पाणी मागितलं, आणि तिनं तांब्यावर पेला ठेवून नेऊन दिलं, पाहुण्याला देतात तसं. ते वाचून मी खरंच थबकले. वाक्य उतरवून घेतलं आणि पुढं लिहायला लागले, तेवढ्यात आधार कार्डाच्या झेरॉक्सला गर्दी झाली. घाईघाईत मी 'माझा हात' गाळला. 'इथे थांबले' एवढंच लिहून मोबाइल गल्ल्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी बघते तर कथा गायब. तिच्या जागी दोन ओळी: माझी कथा पुढे वाचवली नाही हे स्पष्ट सांगितल्याबद्दल आभार, यापुढे लिहिणार नाही. खाली अप्रतिमवाल्यांनी मला फैलावर घेतलेलं. आवडलं नाही तर पुढं जावं, ताई, नवख्यांचं मन का मोडता. मला आधी रागच आला, कारण त्यातल्या निम्म्यांनी कथा वाचलीही नसणार. मग मी माझाच अभिप्राय परक्याच्या नजरेनं वाचला. इथे थांबले. म्हणजे इथपर्यंत कसंबसं आले, पुढं जाववेना. दुसरं काय समजणार होती ती?

मी तिला निरोपावर निरोप पाठवले. उत्तर नाही. शेवटी दुकानाचा पत्ता कळवला आणि लिहिलं, की एकदा तोंडावर बोलून जा, मग हवं तर लिहू नकोस. बरेच दिवस कुणी आलं नाही. मग एका संध्याकाळी दारात एक स्कूटी उभी राहिली. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडत एक तिशीची बाई आत आली. कुपवाडात एका कारखान्यात पॅकिंगला होती, कामाची पाळी संपवून परस्पर आलेली. "आवं काकू, तुमीच थांबला म्हटल्यावर मीबी थांबले," ती म्हणाली. रागानं नव्हे, सरळ. "बाकीचे समद्यांनाच अप्रतिम म्हणत्यात. तुमचं लोक खरं मानत्यात. माझ्या आयची गोष्ट हाय ती. म्हटलं, आपल्याला न्हाई जमत, उगं आयचं हसं नको."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तुम्ही, तांदूळ, ताट, हात. ती मान हलवत होती, पण वडीलधाऱ्या माणसापुढं हलवायची तशी. तिला ते पटलं नव्हतं, चूक सावरायला काकू गोष्ट रचतेय असं वाटत असावं. तेव्हा मला तुमची आठवण झाली, की तुम्ही कधी समजावत बसला नाहीत. मी मुलांच्या प्रोजेक्टच्या कागदांचा गठ्ठा आणि स्टेपलर पुढं ओढलं. आता तांदळात खडे कुठं असतात, तेव्हा हेच माझं ताट. "हं, वाच," म्हटलं.

"हितंच?"

"हितंच."

तिनं मोबाइल काढला. कथा खोडली होती तरी जपून ठेवलेली होती. ती वाचायला लागली, आधी तोंडातल्या तोंडात, मग जरा मोठ्यानं. मी कागद जुळवत होते आणि बाई, मला भीती वाटत होती. पेल्याचं वाक्य येणार हे मला माहीत होतं. माहीत असलेल्या वाक्याला हात थांबतो का? नाही थांबला तर मुद्दाम थांबवायचा का? ते वाक्य आलं आणि गेलं. हात चालूच राहिला. मुद्दाम थांबवायचा माझा धीर झाला नाही. माझ्याकडं एकदा बघून ती पुढं वाचत राहिली: पाणी पिऊन झालं, पण पेला कुठं ठेवायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते तो हातातच धरून बसले.

पहिल्या वेळी, गर्दीच्या नादात, हे वाक्य माझ्या नजरेतून सुटलंच होतं. स्टेपलर कागदांवर उघडं राहिलं होतं. वाचणं थांबलं तेव्हा मी वर बघितलं, तर ती माझ्या हाताकडं बघत होती.

"हितं?" तिनं विचारलं.

"हितं," मी म्हटलं. काउंटरपलीकडून एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काकू, माझं झालं का?" आणि आम्ही दोघी हसलो.

कथा पुन्हा समूहावर आली आहे. शेवट बदललाय आणि चांगला झालाय. आता तिची दुसरी येते आहे. मी मात्र आता पूर्ण लिहिते, 'हितं माझा हात थांबला', तुमच्याच भाषेत. कुठला हात म्हणून लोक विचारतात, विचारू देत.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या त्या खोल्यांच्या जागी आता म्हणे मोबाइलचं दुकान आहे. पण एक गोष्ट कबूल करते. मी कथा टाकत नाही असं वर लिहिलं, त्यामागं विनय वगैरे काही नाही. खंडाळा सोडल्यावर मी दोन-तीनदा लिहून बघितलं, वाचूनही दाखवलं. घरची माणसं छान म्हणाली. समोर बघायला तुमचा हात नव्हता, म्हणून सोडून दिलं. आज तुम्हाला लिहिताना मात्र माझाच हात दोन ठिकाणी थांबला. कुठं ते सांगत नाही. तुम्हाला सापडलं असतं.