पुढे सरकवलेला काटा

बाबा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. वडिलांना पत्र लिहिताना तीर्थरूप घालायचंच, नुसतं 'बाबा' लिहिणारा मुलगा उर्मट, हे तुम्हीच मला शिकवलंत. मग आज उर्मटच म्हणा. तुमचं तेरावं परवा झालं आणि काल आईच्या तोंडून एक गोष्ट निघाली. ती ऐकल्यापासून जेवण गोड लागत नाही. तुम्ही समोर असतात तर तोंडावर विचारलं असतं. ती सोय आता राहिली नाही, म्हणून हे लिहितोय.

काल मी आपला चावीचा ग्रामोफोन माळ्यावरून खाली काढला. बाजारातल्या घड्याळवाल्याला दाखवावा म्हटलं. आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिला म्हणालो, "इतकी वर्सा बिघडान पडलो हा. बघूया दुरुस्त जाता काय."

आईने मान वर केली नाही. "खंय बिघाडलो? त्या यंत्राक कधी काय्येक झाला नाय. तुझे बाबाच तुझी ती इंग्रजी तबकडी लावताना वेगाचो काटो फुडे करीत. तबकडी झाली की परत जागेर आणीत."

"तुका म्हायत होता?"

"माका वाटला, तुकाय म्हायत आसतला," ती म्हणाली आणि सुपातला खडा बाहेर टाकला.

मला माहीत नव्हतं, बाबा. मी ज्या गाण्याच्या मागे दोन वर्षं धावलो, त्याचा वेग, आणि वेगाबरोबर पट्टीही, तुम्ही दर रविवारी आपल्या हाताने वाढवत होतात, हे मला काल कळलं. का केलंत तुम्ही असं?

तुम्हाला आठवतं का, ती तबकडी घरात कशी आली? गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता. गावातल्याच रोझीबायचा मुलगा बोटीवर नोकरीला होता, त्याने तिच्यासाठी पाठवली होती. रोझीबायच्या घरी पियानो होता पण ग्रामोफोन नव्हता, आपल्याकडे ग्रामोफोन होता पण पियानो नव्हता. म्हणून ती तबकडी फडक्यात गुंडाळून तिने माझ्या हातात दिली. वर मधल्या लाल कागदावर कुणा अमेरिकन पियानोवाल्याचं नाव होतं. रॉक अँड रोल हे शब्द मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकले.

तुमचा नियम ठरलेला होता. ग्रामोफोनला हात फक्त तुमचा लागायचा. "चावी मी देतलंय. स्प्रिंग तुटली तर दुसरी मिळाची नाय." मी लांब पाटावर बसायचो. तुम्ही पाठमोरे उभे राहून चावी द्यायचात, सुई ठेवायचात. तुमच्या पाठीआड तुमची बोटं काय करत होती, ते मला कसं दिसणार? आणि बघावं असं मनात तरी का यावं? बापाच्या हाताकडे कोण संशयाने बघतं?

सुई टेकली की तो माणूस सुटायचा. डाव्या हाताचं झुलणं एकसारखं चालू, करंगळी जागेवर आणि अंगठा पुढेमागे. उजवा हात एकाच जागी ठोकत राहायचा आणि मग एकदम वरून खालपर्यंत सगळे सूर एका ओढीत ओढून घ्यायचा. आवाज त्याचा बारीक, पोरगेलासा. मला वाटायचं, अमेरिकेत पंधरा-सोळा वर्षांची पोरंच असं वाजवत असतील.

तुमच्या नाट्यपदांच्या तबकड्या त्याच यंत्रावर कशा शांत, भरदार वाजायच्या! हे माझ्या डोक्यात का आलं नाही, असं तुम्ही विचाराल. आलं होतं, पण मी म्हटलं, इंग्रजी गाणं हे असंच असणार. साहेबाचं सगळंच घाईचं. मालवणात राहून आम्हाला दुसरं काय कळणार होतं?

तबकडी ऐकून झाली की मी घरातून निघायचो. वाटेत कुणी हाक मारली तरी ओ द्यायचो नाही, कारण डोक्यात धरलेला तुकडा सांडला असता. रोझीबायकडे पोचलो की चप्पल पायरीवर टाकून थेट पियानोवर. सूर शोधता शोधता सगळं जाऊन बसलं काळी दोनवर. पेटीवर भजनाला काळी दोन आपल्या हातची, पण त्या धावत्या डाव्या हाताला ती काळ झाली. काळ्या पट्ट्यांवरून अंगठा घसरायचा. सूर ओढून ओढून नखाखालची कातडी सोलवटली. आई त्यावर खोबरेल लावायची आणि तुम्ही जेवताना त्या अंगठ्याकडे बघायचात. तेव्हा तुमच्या मनात काय यायचं?

त्या पियानोवाल्याचा एक फोटो रोझीबायने कुठल्याशा मासिकात दाखवला. तो उभ्याने वाजवत होता, स्टूल लाथेने मागे सारलेलं. मीही घरी आपल्या पायपेटीवर उभा राहिलो. एका पायावर उभं राहून दुसऱ्याने भाता मारताना धाडकन पडलो आणि तुम्ही हसलात. खूप दिवसांनी हसला होतात. मला वाटलं, बाबांना हे आवडायला लागलं. किती भाबडा होतो मी!

आणि तरी मला ते जमलं, बाबा. हेच तुमच्या हिशेबात नव्हतं ना? त्या वेगाला, त्या पट्टीत, जसंच्या तसं. रोझीबाय दारात येऊन म्हणाली, "अनंता, माझो पियानो मोडतलंस रे." पण ती नाचत होती. तिनेच मुंबईच्या तिच्या भावाला कळवलं. तो एका हॉटेलात बँड चालवायचा, त्याचा पियानोवाला सोडून गेला होता. मला बोलावणं आलं.

तुम्ही मला बंदरावर पोचवायला आलात. होडीत बसताना तुम्ही माझ्या हातात नारळ दिलात, देवीपुढे ठेवलेला. तेव्हा तरी सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. "अनंता, ह्या गाणा इतक्या जलद नाय." एवढंच. बोटीवरच्या अख्ख्या प्रवासात मी सावरून घेतलं असतं.

हॉटेलात दुपारची वेळ होती, टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. रोझीबायच्या भावाने खूण केली, ड्रमवाल्याने काठ्या उचलल्या आणि मी सुटलो. ते सगळे पांढरी एकमध्ये आणि मी एकटा काळी दोनवर. ड्रमवाला थोडा वेळ माझ्यामागे धावला, मग काठ्या खाली ठेवून हसायला लागला. रोझीबायचा भाऊ माणूस चांगला. तो म्हणाला, "अरे बाबा, तुझी बोट सुटतेय काय? हळू वाजव." मी हळू वाजवायला गेलो आणि माझे हात एकमेकांपासून सुटे झाले. त्या वेगाशिवाय मला ते येतच नव्हतं.

मग त्याने त्यांच्या यंत्रावर तीच तबकडी लावली. तेच नाव, तोच लाल कागद. आणि आतून एक वेगळाच माणूस गायला लागला. जाड आवाजाचा, पुरता बाप्या. हात त्याचा जोरकस होता पण घाई कुठेच नव्हती. उजवा हात डाव्याच्या किंचित मागे रेंगाळायचा, खट्याळपणे, आणि सगळी गंमत त्या रेंगाळण्यात होती. मी ती कधी ऐकलीच नव्हती. मी ज्याची नक्कल करायला शिकलो तो माणूस जगात नव्हता. तो फक्त आपल्या ओटीवर होता, तुमच्या बोटाखाली.

"गावाक जा, नीट ऐक, परत ये," रोझीबायचा भाऊ म्हणाला. पण परत कशाला जातोय मी? त्या ड्रमवाल्याचं हसणं कानातून गेलं नाही. आणि जागा काय माझ्यासाठी थांबणार होती? महिनाभरात दुसरा कोणी बसला तिथे.

मी परत आलो तेव्हा तुम्ही बंदरावर उभे होतात. माझी पिशवी घेतलीत आणि म्हणालात, "इलंस? बरा झाला." मी सांगितलं, आपलं यंत्र जलद पळतं. तुम्ही चालता चालता म्हणालात, "जुना झाला ता." आणि त्याच आठवड्यात ग्रामोफोन माळ्यावर गेला. तुमची जीव की प्राण नाट्यपदंही त्याच्याबरोबर गेली. खोटं सांभाळायला तुम्हालाही काही सोडावं लागलं, एवढं मी मान्य करतो. पण तुम्ही आपली नाट्यपदं स्वतःच्या हाताने सोडलीत. माझं काय गेलं ते मला सांगायलाही कोणी नव्हतं.

मग सगळं कसं सुरळीत झालं, नाही का? तुमच्या ओळखीने मला मामलेदार कचेरीत चिकटवलंत. तुमच्या बोटांचे सांधे धरले होते, म्हणून देवळातल्या भजनाची पेटी माझ्याकडे आली. आजोबांपासूनचा आपल्या घराचा मान. लग्न झालं, बाळू झाला. गावात लोक म्हणतात, मास्तरांचा मुलगा सोन्यासारखा. मी वाजवतो, बाबा. काळी दोनवरच वाजवतो. आरती संपली की हात पुसून घरी येतो.

काल आईला विचारलं, बाबांनी असं का केलं? ती म्हणाली, "पयल्यांदा त्यांका वाटला, तुका जमाचा नाय, आपोआप सोडशीत. मगे तुका जमला. मगे सांगूची लाज वाटली." सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तू बोटीर चढलंस तर देवळात पेटी कोण वाजवतलो, ह्याच एक त्यांच्या मनात होता."

लाज! दोन वर्षं दर रविवारी काटा पुढे करताना वाटली नाही, ती नंतर वाटली?

नको म्हणायचं होतंत. शाळेत सगळ्या पोरांना नको म्हणायचात, तुमच्या आवाजाने वर्ग गप्प व्हायचा. मला म्हणाला असतात तर मी भांडलो असतो, जेवण टाकलं असतं, कदाचित गेलो असतो, कदाचित तुमच्या तोंडाकडे बघून राहिलोही असतो. पण राहिलो असतो तर माझ्या मनाने. तुम्ही मला हरू दिलंत, आणि मी इतकी वर्षं समजत राहिलो की माझ्यातच काही कमी होतं.

आणि दहाव्याला काय झालं, तेही ऐका. पिंड मांडला. कावळे माडावर ओळीने बसलेले, एकही खाली येईना. ऊन चढलं. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. काका माझ्या कानाशी म्हणाले, "पेटीचा सांग रे, त्यांचो जीव थंयच आसतलो." मी हात जोडून मोठ्याने बोललो, "बाबा, पेटी घरातून जावची नाय. माझ्यामागून बाळूक बसवतंय." शब्द संपायच्या आत कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी तर रडलो, बाबा. तुमची इच्छा पुरी केली म्हणून रडलो.

तो शब्द माझ्याकडून आई बोलण्याआधी दिला गेला. तो मी आज मागे घेतो.

बाळूला मी पेटीवर बसवणार नाही. त्याला बसावंसं वाटलं तर बसेल, उठावंसं वाटलं तर उठेल. तो कुठे निघाला आणि मला ते पसंत नसलं, तर मी त्याच्यासमोर उभा राहून नाही म्हणेन. त्याला ऐकायचं नसेल तर त्याने जावं. हा शब्द मी कावळ्यासाठी देत नाही, तुमच्यासाठीही नाही, हा माझा आहे आणि तो मी पाळणार. त्यापायी तुमचा जीव इथेच अडकून राहणार असेल तर राहू दे. अडकून राहणं तेवढं कठीण नसतं, बाबा. हळूहळू सवय होते.

तुमचा,
अनंत