लवंगीचं माप

इंझोरी, मंगळवार, पौष, सन १९३६

रानडुकरं हरभऱ्यात शिरतात, म्हणून आज मोठ्या रायफलीची रिकामी काडतुसं भरायला बसलो. बुडाला ठिणगी पाडणाऱ्या टोप्या नव्या बसवल्या. बिनधुराची नवी दारू काळ्या दारूच्याच पितळी मापानं ओतणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "अवो, साध्या मिरचीचं माप लवंगीले लावते काय कोणी?" राग आला. हिला काय कळतं? पण नवी दारू फार जहाल, हे सकाळी मीच तिला सांगितलं होतं ना! माप खाली ठेवलं. पुन्हा काळीच दारू भरली.

सांजेला डुक्कर हातभरानं हुकलं, पण बार पहिल्याच ठोक्याला उडाला. नळी धड आहे, मीही. जेवताना भाजीत लवंगी होती. मुकाट्यानं दोनदा मागून घेतली.