फणसपोळीची मागे वळून बघायची बैठक

ता. लांजा, मे २००८

चि. शिवास आत्येचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्वांच्या तब्येती बऱ्या आहेत, माझा गुडघा सोडून. तुझी बरी असेलच, दिवसभर गार खोलीत तर बसतोस. फोनच केला असता, पण तू "आत्ये, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवतोस. आता मीटिंगबद्दलच सांगायचं आहे, तेव्हा गप बसून वाच.

आमच्या बचत गटाची उन्हात वाळत घातलेली फणसपोळी ताटंच्या ताटं बुरसली, बायका एकमेकींची तोंडं बघेनात, राही आणि हौसा गट सोडून खालच्या वाडीच्या गटात जायला निघाल्या, तेव्हा तू सुट्टीवर इथेच होतास. पडवीत बसून अख्खा फणस खाल्लास आणि वर अक्कल दिलीस. म्हणे तुमच्या कंपनीत कंप्युटरवर काम करणारी पोरं दर पंधरा दिवसांनी काम थांबवून मागे वळून बघतात. काय चांगलं झालं, काय बिघडलं, पुढे काय बदलायचं. कोणावर बोट ठेवायचं नाही, प्रत्येकाने आपल्या परीने चांगलंच केलं असं धरून चालायचं. (मेल्या, सगळ्यांनी चांगलंच केलं तर बुरशी काय आभाळातून पडली?) चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्यांची गड्डी माझ्या हातात कोंबलीस आणि पुण्याची गाडी धरलीस. इथे रत्नागिरीचा दुकानदार पावसाआधी माल न्यायला येणार. गट फुटला तर त्याला काय आठळ्या देऊ? म्हणून घेतली तुझी बैठक.

देवळात घेतली, तिथली लादी गार असते. "काय चांगलं झालं?" विचारलं. शेवटी हौसा म्हणाली, "चहा." काय बिघडलं विचारल्यावर तर सगळ्या पदराशी चाळे करत बसल्या. मग चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालू नका, मनात असेल ते लिहा म्हटलं. अर्ध्या जणींना लिहायला येत नाही. त्यांनी जिला येतं तिच्या कानात सांगितलं, आणि जिला येतं तिने सगळ्यांच्या वतीने लिहिलं, सर्व ठीक आहे. भिंतभर ठीक आहे, ठीक आहे. माझं डोकं फिरलं. सगळं ठीक आहे तर पोळी काय मी बुरसवली, असं मी विचारलं. राही उठली आणि चपला शोधायला लागली.

खांबाला टेकून केरू गुरव बसला होता. (त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण पूजा त्याचीच, हाकलणार कसं?) तो वैतागला. "तुझ्या तोंडावर कोण बोलेल गो, चिमाबाय? देवाला सांगा ना!" आणि नारळ ठेवून त्याने गाऱ्हाणंच घालायला घेतलं. "हे बारा गावच्या म्हाराजा, तुझ्या लेकरांनी फणसपोळीचा धंदा मांडलाय, त्यात काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घे रे म्हाराजा!" आम्ही सवयीने "व्हय म्हाराजा!" म्हटलं, आणि झालं, वाट मोकळी झाली. हौसा मागून ओरडली, "आणि जी कोण सकाळपासून कावळ्यावाणी कावकाव करते, तिच्या नरड्याला जरा इसावा दे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" येसूबाई, जिने माझ्यासमोर कधी मान वर केली नाही, ती म्हणाली, "जी एकटीच रस चाखते आणि दुसरीला पळी लावू देत नाही, तिला बुद्धी दे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मग राही, एका पायात चप्पल तशीच. "मळभ आलंय, ताटं आत घेऊया, असं सांगितल्यावर जी 'तुला काय कळतं' म्हणाली, तिला कान दे रे म्हाराजा!" देऊळ दणाणलं. शिवा, त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. ओरडता ओरडता मला कळलं ही बाई कोण ते, पण देवाला दिलेला होकार मागे कसा घेणार?

कोणाचं नाव निघालं नाही, म्हणजे तुझा नियम पाळला गेला. राहीने चप्पल काढून ठेवली. ठरलं ते एवढंच, की ताटं कधी बाहेर आणि कधी आत ते राही सांगणार, आणि ताटांपाशी कोणी (कोणी म्हणजे कोण, ते देवाला माहीत) तोंड उघडायचं नाही. गट शाबूत आहे. पण तुझी बैठक फुकट, हे मी तोंडावर सांगते. एवढं करायला नारळ आणि गुरव पुरतो, तर तुम्हाला कंप्युटर कशाला? केरूलाच ने कंपनीत. अर्ध्या नारळावर येईल.

वेळेवर जेव. हॉटेलातलं खाऊ नको.

तुझी आत्या,
चिमा

ता. क. उरलेल्या चिठ्ठ्या मसाल्याच्या बरण्यांना लावल्या. झकास चिकटतात. आणखी पाठव.

ता. क. दुसरा. खरं काम तर सांगायचं राहिलंच. हे लिहिताना समोर केरूच्या कोंबड्या पोळीच्या ताटांवर चढल्या आहेत. राही विहिरीवर गेली आहे आणि बाकीच्या जेवायला. ही ताटं गेली तर दुकानदाराला द्यायला काही उरत नाही. पण मी तोंड उघडायचं नाही असं ठरलंय. कोंबड्यांवर बोट ठेवलेलं तुमच्या नियमात चालतं काय, ते ताबडतोब कळव.

ता. क. तिसरा. तुझं उत्तर यायला आठवडा जाईल. मी ओरडून घेते. तू परवानगी मागची तारीख घालून पाठव.