दोन गळ्यांचा स्वेटर

६ जानेवारी
आज सूनबाईशी वाजलं. चूक माझी. तोंडाने कबूल करायचा स्वभाव नाही, म्हणून ही कोरी वही काढली.

ती गच्चीत कपडे वाळत घालत होती आणि नात छातीशी – दहा हात लांब कापडाने बांधलेली! मी म्हणाले, "हे काय गाठोडं बांधून फिरतेस? मुलं काय अशी वाढतात? माझ्याकडून असले लाड व्हायचे नाहीत, आधीच सांगून ठेवते."

हातातला चिमटा टोपलीत टाकून ती म्हणाली, "कळलं, आई. तुम्हाला त्रास नाही देणार."

संध्याकाळी मुलाने सांगितलं – दोन तारखेला ती कामावर रुजू होणार, त्या दिवसापासून बाळ पाळणाघरात. "तूच म्हणालीस ना, आई?"

म्हणाले खरी. पण बाळ नको असं कुठे म्हणाले!

७ जानेवारी
चहा मिळाला, साखरेसकट. बोलणं तेवढं बिनसाखरेचं.

९ जानेवारी
खिडकीतून दोघींना बाहेर जाताना पाहिलं. मध्ये बाळ असल्यामुळे सूनबाईचा कोट पुढून लागत नाही. दोन्ही हातांनी कडा ओढून धरत चालते. पाय घसरला तर हात कुठे टेकणार ही बाई? आणि बाळाचे कान गारठ्याने लालबुंद.

स्वेटर विणायचा. एकच, पण दोन गळ्यांचा – मोठा आईचा, त्याच्या पुढे खाली छोटा, बाळाच्या मानेचा. बाजूने बटणं. पाळणाघरात नेतानाच घालतील. घालू देत.

११ जानेवारी
लोकरवाली खो खो हसली. "दोन गळ्यांचा? रावणाला आठ कमी पडतील हो!"

"तुम्ही लोकर दाखवा," मी म्हणाले. "न टोचणारी."

मी राखाडी उचलली. म्हणते, "तान्ह्या पोरीला काय तुरुंगात पाठवताय?" शेवटी पिवळी घेतली.

१३ जानेवारी
माप हवं. विचारू कशी? सूनबाई मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर पाठीच्या व्यायामाला जाते, बाळाला माझ्यापाशी झोपवून. आज ती गेल्यावर बाळ उठलं. कापड घेतलं आणि बांधलं – मलाच. रोज बघून पाठ झालंय. कापडाचा मध्य पोटावर, पाठीवर फुली, टोकं खांद्यांवरून पुढे, आत बाळ, त्याच्यावरून फुली, मागे गाठ. नाक मोकळं, हनुवटी वर. दोनदा तपासलं. मग टेप लावली.

नात एकदा कुरकुरली, माझ्या छातीला कान लावला आणि गप्प झाली.

माप दोन मिनिटांत झालं. गाठ पाऊण तासाने सोडली.

टीप : सूनबाई सडपातळ. छातीत सहा इंच, बाहीत दोन इंच कमी करणे.

१६ जानेवारी
मागचा भाग झाला. पुन्हा बांधलं. अंदाज घ्यायला.

२० जानेवारी
आजही. अंदाज घेण्यासारखं काही नव्हतं.

मुलगा तीन महिन्यांचा असताना मी नोकरीवर परतले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवत होते. त्याला माझ्या आईकडे ठेवलं, दुसऱ्या गावी. रविवारी जायची. दीड वर्षांचा झाल्यावर घरी आणला, तर माझ्याकडे पाठ करून दाराकडे बघत बसायचा. आई म्हणाली होती, "जवळ घे त्याला." मी म्हणाले, "लाडावेल. होईल सवय."

झाली. दोघांनाही.

जवळ घेतल्याने मूल बिघडतं, हे मी कुठे तपासून पाहिलं होतं? कुणी विद्यार्थ्याने असा निष्कर्ष लिहिला असता, तर वही भिरकावली असती.

२३ जानेवारी
छोटा गळा फार मोकळा झाला. वीस ओळी उसवल्या. बाळाने लोकरीचं टोक चघळलं. रागावले. तिला काही फरक पडला नाही.

२७ जानेवारी
बाह्या जोडल्या. बाळाला बांधून, वरून स्वेटर चढवून आरशापुढे उभी राहिले. दोन डोकी – एक टकलं, एक पांढरं. स्वेटर अगदी बेतल्यासारखा बसला! एकटीच हसले.

३० जानेवारी
व्यायामाहून आल्यावर सूनबाईच्या हातात स्वेटर ठेवला. "थंडी आहे. पाळणाघरात नेताना घाल." एवढंच जमलं.

तिने बाळाला बांधलं, स्वेटर चढवला. बाह्या बोटांखाली गेल्या. खांदे दंडावर उतरले. छोटा गळा बाळाच्या पोटाशी. मुलगा म्हणाला, "आई, यात मी पण मावेन!"

सहा इंच! माझ्याच हाताने लिहून ठेवले होते. तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शाईने लिहीत आले – 'माप कशाचं, ते आधी लिहा.'

"आण इकडे, उसवते."

तिने दिला नाही. "आई, हा कुणाच्या मापाचा आहे?"

मी उरलेली लोकर गुंडाळू लागले.

"मी कापड नुसतं कोंबून ठेवते," ती म्हणाली. "परत आले की कोपऱ्याला कोपरा लावून घडी. पहिल्याच मंगळवारी कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता?"

पूर्ण गुण द्यावेत असं उत्तर.

मग बोलले. मुलासमोर, मोठ्याने. "त्या दिवशी मी चुकले. बाळ माझ्यापाशी राहू दे."

मुलाने वर पाहिलं. सूनबाई स्वेटर घेऊन आत गेली.

२ फेब्रुवारी, सकाळी पावणेनऊ
सूनबाई कामावर गेली. जाताना हवाली केलं ते असं :

दुधाच्या बाटल्या दोन. लंगोट सहा. टोपडं एक. कापड एक, कोंबलेलं. पिवळा स्वेटर एक, न उसवलेला.

गाठोडं एक. जागं.