अठ्ठावीस दिवसांचा नमुना

विल्किन,

काँक्रीटचा नमुना साच्यात भरलास तेव्हा ओल्या माथ्यावर खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलंस. म्हणालास, "अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरू दे, यानिरीस. मग बघ, फोडणाऱ्या मशीनचेच दात पडतील!"

नवव्या दिवशी ब्रॉन्क्सच्या कामावर तू परांचीवरून पडून गेलास.

आज अठ्ठाविसावा. आपल्या दोघांना परवडलेल्या या सिटी कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्यांनी आपापला नमुना फोडून ताकद मोजली. मी माझा फोडला आणि आकडा तुझ्या नावावर लिहिला. तुझा गुपचूप दप्तरातून घरी आणला.

आईनं तो बाथटबात बुडवून ठेवलाय. मी म्हटलं, "आई, दिवस भरले त्याचे. काढ आता."

"गप गं! पाण्यात असेपर्यंत त्याच्यात बळ येत राहतं, तूच सांगितलंस ना?"

तुझी धाकटी बहीण,
यानिरीस